परक्याची ठेव

कुलपांच्या बाबतींत मी पहिल्यापासून बेफिकीर आहें. प्रवासाला निघावें, कोपऱ्यापर्यंत जावें, आणि दाराला कुलूप लावलें कीं नाहीं या शंकेनें पुन्हां मागें फिरावें, हा माझा नित्याचा क्रम. घरांत त्यावरून माझी यथेच्छ थट्टा होते. “आपल्या घरांतून चोर नेणार तरी काय?” हें माझें ठराविक उत्तर. जुनीं पुस्तकें, तपासून झालेल्या वह्या आणि चार पितळी भांडीं यांच्यासाठीं कोणता चोर अंगाला तेल चोपडून येणार आहे! आपली वस्तु आपल्या गबाळेपणानें गेली तर फार तर चार दिवस हळहळावें. याहून खोल विचार मीं कुलपांसंबंधीं कधीं केला नव्हता. निदान तसें मी स्वतःला सांगत आलों होतों. गेल्या पावसाळ्यांत एका वर्गांत दोन दिवस बसण्याचा योग आला, आणि हें उत्तर मला पुरेनासें झालें.

त्याचें असें झालें. माझी एक जुनी विद्यार्थिनी एका संध्याकाळीं घरीं आली. गटारें आणि सेप्टिक टाक्या साफ करतांना जे कामगार आंतल्या विषारी वायूनें गुदमरून मरतात, त्यांच्या हकीकती गोळा करणाऱ्या एका लहानशा मंडळांत ती काम करते. चहा झाल्यावर ती म्हणाली, “सर, आमचें एक शिबिर आहे. हकीकती सुरक्षितपणें नोंदवण्याचें सॉफ्टवेअर शिकवणार आहेत. शिकवणारा मुलगा बंगळूरचा आहे. त्याला मराठी येत नाहीं, आणि आमच्या बायकांना इंग्रजी येत नाहीं. दोन दिवस दुभाष्याचें काम कराल का?” मोबाइलवर आलेलें पत्रसुद्धां मला मुलाकडून उघडून घ्यावें लागतें, हें मीं तिला सांगून पाहिलें. “म्हणूनच तुम्ही हवेत,” ती हंसून म्हणाली, “तुम्हांला समजलें तर सर्वांनाच समजेल.” तीस वर्षें इंग्रजी शिकवून आपण नेमके कोणाच्या उपयोगीं पडलों, हा प्रश्न हल्लीं मला रात्रीं छळतो. मीं होकार दिला.

एका शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बांक, फळ्यावर पुसट राहिलेले पाढे, आणि बाहेर संततधार. जमलेलीं माणसें पंधरा. कांहीं वस्तींत काम करणाऱ्या बायका, कांहीं वकिलीचीं पहिलीं वर्षें काढणारे तरुण, आणि दोघे स्वतः सफाई कामगार. प्रत्येकाच्या हातांत मोबाइल होता, आणि प्रत्येक मोबाइलमध्यें दुसऱ्या कोणाचें तरी दुःख होतें. मेलेल्या माणसाचे फोटो, विधवेचा रेकॉर्ड केलेला आवाज, वहीच्या पानांचीं छायाचित्रें. सारें घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारीं, पोरांच्या खेळांशेजारीं, उघडें पडलेलें.

पहिला धडा यंत्राचा असेल अशी माझी अपेक्षा. तो निघाला व्याकरणाचा. त्या तरुणानें फळ्यावर तीन रकाने आंखले: कोणीं, कोणाला, काय केलें. मानवी हक्कांची पायमल्ली नोंदवण्याचें एक शास्त्रच गेल्या चाळीस वर्षांत तयार झालें आहे. १९८२ सालीं स्थापन झालेल्या ‘हुरिडॉक्स’ या संस्थेनें देशोदेशींच्या संघटनांच्या नोंदी एकमेकींशीं जुळाव्या म्हणून नोंदींचे साचे ठरवून दिले. पुढें पॅट्रिक बॉल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानें १९९६ सालीं या विषयावर पुस्तक लिहिलें, त्याचें नांवच ‘कोणीं कोणाला काय केलें?’ अशा अर्थाचें आहे. एका घटनेंत पीडित तिघे असूं शकतात, एकाच माणसावर अन्याय चार प्रकारचे होऊं शकतात, आणि ते करणारे निरनिराळे असूं शकतात. सारें एका परिच्छेदांत कोंबलें, तर पुढें तें मोजतांही येत नाहीं आणि सिद्धही करतां येत नाहीं.

हें मराठींत सांगूं गेलों आणि माझी मलाच लाज वाटली. आपली भाषा अशा प्रसंगीं कर्त्याला मोठ्या अदबीनें पडद्याआड बसवते. “लाठीमार झाला.” “झोपड्या हटवण्यांत आल्या.” “गटारांत गुदमरून तीन कामगारांचा मृत्यु.” जणुं मृत्यु हा वळवाच्या पावसासारखा आपला आपण पडतो! चेंबरचें झांकण कोणीं उघडलें? उतर म्हणून कोणीं सांगितलें? दोरी आणि मुखवटा देण्याचें काम कोणाचें होतें? संरक्षणाच्या साधनांवांचून माणसाला गटारांत उतरवणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे. १९९३ पासून अशा तऱ्हेनें मेलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें सांगितलें; २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें ती रक्कम तीस लाख केली. पण कायद्याच्या वाक्याला कर्ता लागतो, आणि ठेकेदाराच्या हाताखालच्या ठेकेदारापाशीं पोंचेपर्यंत तो कर्ता विरघळून जातो. त्या दिवशीं पंधरा माणसें तासभर ‘मृत्यु झाला’ हें एकच वाक्य पुन्हां पुन्हां मोडून लिहीत होतीं. इतका मनापासून चाललेला व्याकरणाचा अभ्यास मीं माझ्या वर्गांत कधीं पाहिला नाहीं.

मागच्या बांकावर साठीच्या आंतबाहेरच्या एक बाई बसल्या होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांचा भाचा असाच गेला होता. त्यांनीं हात वर केला आणि, मीच शिकवणारा आहें असें समजून, मला विचारलें, “मास्तर, पोराला आत उतरवताना ज्यानं बघितलं, तो अजून त्याच ठेकेदाराकडं कामाला हाय. त्याचं नाव मी ह्यात लिहिलं, तर वाचणार कोण कोण?”

हा प्रश्न मला त्या बंगळूरच्या तरुणाला इंग्रजींत सांगावयाचा होता. वाक्य सोपें, पण तें माझ्या तोंडून चटकन् निघेना. कारण हाच प्रश्न मला पूर्वीं एकदां विचारला गेला होता.

बऱ्याच वर्षांपूर्वींची गोष्ट. महाविद्यालयांत एका तक्रारीच्या चौकशीसाठीं जी समिति नेमली होती, तींत मी होतों. जें अनेकांना ठाऊक होतें आणि कोणी बोलत नव्हतें, तें एका मुलीनें माझ्यासमोर बसून सांगितलें. मीं तें तिच्याच शब्दांत लिहून घेतलें, शब्दाला शब्द. त्या अचूकपणाबद्दल मला स्वतःचें थोडें कौतुकही वाटलें. वर तिचें पुरें नांव, वर्ग, पत्ता. उठतांना ती म्हणाली, “सर, हें कुणी वाचणार नाहीं ना?” मी म्हणालों, “माझ्यापाशीं आहे.” आणि ती वही मीं आम्हां प्राध्यापकांच्या खोलींतल्या टेबलाच्या खणांत ठेवली. त्या खणाचें कुलूप कोणत्याही किल्लीनें उघडे, हें मला माहीत होतें.

आठ दिवसांच्या आंत त्या वहींतलीं वाक्यें मला जिन्यांत ऐकूं आलीं, शब्दाला शब्द. मुलीचे वडील आले आणि तिचा दाखला काढून घेऊन गेले. तक्रार पुढें चालवणारेंच कोणी उरलें नाहीं म्हणून चौकशी थांबली. मला कोणीं दोष दिला नाहीं. खोली झाडणाऱ्या शिपायाकडे संशयाचें बोट दाखवून मी मोकळा झालों, आणि त्या बिचाऱ्याविरुद्ध माझ्यापाशीं कसलाही पुरावा नव्हता. ‘वही वाचली गेली’ असेंच मी इतकीं वर्षें मनाशीं म्हणत आलों. फळ्यावरच्या त्या पहिल्या रकान्यांत काय लिहावयाचें, तें मावशींच्या प्रश्नानंतर मला प्रथम स्पष्ट दिसलें.

मावशींना त्या तरुणानें उत्तर दिलें तें असें. नांव आणि हकीकत एका जागीं ठेवूंच नये. हकीकतीवर आंकडा घालावा. कोणता आंकडा कोणाचा याची यादी वेगळी, वेगळ्या कुलपांत, वेगळ्या माणसापाशीं. लिहून झाल्यावर तें सांगणाऱ्याला वाचून दाखवावें, आणि तीन गोष्टी निरनिराळ्या विचाराव्या: लिहून ठेवूं का, कोणाला दाखवूं का, नांवानिशीं दाखवूं का. पहिल्याला ‘हो’ म्हणजे तिसऱ्याला ‘हो’ नव्हे. उद्यां त्याचें मन पालटलें तर तोही त्याचा अधिकार. या सगळ्यांत यंत्राचें नांवही नाहीं. एवढें तर माझ्या साध्या वहीलाही पाळतां आलें असतें.

यंत्र आलें तें यानंतर. शिकवलीं गेलीं तीं साधनें दोन: हकीकत आणि छायाचित्रें जागच्या जागीं मोबाइलवर कुलूपबंद करणारें ‘टेला’, आणि जमलेल्या नोंदी एकत्र ठेवून कोणीं काय पाहावें हें ठरवूं देणारें हुरिडॉक्सचें ‘उवाझी’. हा दुसरा शब्द स्वाहिली भाषेंतला, आणि त्याचा अर्थ उघडेपणा! ‘टेला’नें काढलेला फोटो मोबाइलच्या नेहमींच्या संग्रहांत दिसत नाहीं, आणि त्याचें चिन्ह कॅलक्युलेटरसारखें करून ठेवतां येतें. कोणीं मोबाइल हिसकावून पाहिला, तर बाई हिशेब करीत होती एवढेंच दिसावें. मावशींना ही युक्ति फार आवडली. “म्हंजे डाळीच्या डब्यात तळाला पैसं ठेवतो तसं,” त्या म्हणाल्या, आणि माझें भाषांतराचें अर्धें काम त्यांनींच केलें.

कुलूप म्हणजे येथें अक्षरांची गणितानें केलेली अशी उलथापालथ कीं किल्लीवांचून तीं कोणाला वाचतां येऊं नयेत. अशीं कांहीं चांगलीं कुलपें कशीं घडवलीं आहेत हें कोणालाही पाहावयास खुलें असतें, याचें मला प्रथम नवल वाटलें. पण १८८३ सालींच ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकानें सांगून ठेवलें आहे कीं, कुलपाची रचना शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये; गुप्त असावी ती फक्त किल्ली. एका भाषाशिक्षकानें हें सांगावें याचा मला उगाच अभिमान वाटला. दुसरी युक्ति टपालपेटीची: पेटींत पत्र कोणींही टाकावें, काढावें मात्र किल्ली असेल त्यानेंच. तिसरी अंगठ्याची: प्रत्येक नोंदीचा जणुं गणिती अंगठा उमटवून ठेवतां येतो; मागाहून कोणीं एक स्वल्पविराम जरी हलवला तरी तो अंगठा जुळत नाहीं. नोंद परक्याच्या डोळ्यांपासून लपवणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच ती कोणीं बदलली नाहीं हें दाखवतां येणें महत्त्वाचें.

पण किल्लीच हरवली तर? कोपऱ्यावरचा किल्लीवाला हें कुलूप उघडून देऊं शकत नाहीं. यावर आदि शामीर या गणितज्ञानें १९७९ सालीं एक तोड काढली आहे. किल्लीचे असे भाग करावे कीं, समजा, तिघांपाशीं तीन भाग दिले, तर कोणत्याही दोघांनीं एकत्र आल्यावर किल्ली पुरी व्हावी, आणि एकट्याच्या भागावरून मात्र कांहींच कळूं नये. एकजण घाबरला, मेला किंवा फितला, तरी ठेव शाबूत. शिवाय तिजोरीलाही वय असतें. कॅलिफोर्नियांतल्या ‘बेनेटेक’ या संस्थेनें २००३ मध्यें याच कामासाठीं ‘मार्टस’ नांवाचें साधन काढलें होतें. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ साक्षीदार. देशोदेशींच्या संघटना तें वापरीत. २०१८ मध्यें तें बंद झालें. म्हणजे नोंदी वेळीं बाहेर काढून नव्या घरीं हलवणें, हेंही या शिक्षणांतच आलें.

येथें मला आपल्याच घरची एक गोष्ट आठवली, आणि दुभाष्याची मर्यादा सोडून ती मीं सांगून टाकली. तेराव्या शतकांत म्हाइंभटानें ‘लीळाचरित्र’ लिहिलें तें कसें? ज्यांनीं चक्रधरांना पाहिलें, ऐकलें, त्यांच्याकडे जाऊन, विचारून, टिपून घेऊन. मराठींतला हा आद्य गद्यग्रंथ म्हणजे साक्षींचा ग्रंथ आहे. त्याची मूळ प्रत धाडींत नाहींशी झाली आणि शिष्यांच्या स्मरणांतून तो ग्रंथ पुन्हां उभा राहिला, असें परंपरा सांगते. पुढें महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. ग्रंथ वांचले; पण विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या लिपीची उकल होईपर्यंत बाकीचा महाराष्ट्र त्यांना मुकला. साक्ष गोळा करणें, ती एकाहून अधिक ठिकाणीं राखणें, तिला कुलूप घालणें, आणि किल्ली पुढच्या पिढीच्या हातीं देणें. एकही गोष्ट सुटली तर काय होतें, हें आपल्याला नवें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं जेवणानंतर एक तरुण वकील उसळून म्हणाला, “एवढें सांभाळून करायचें काय? खटला उभा राहीपर्यंत साक्षीदार म्हातारा होतो!” त्यावर आम्हांला ग्वाटेमालाची हकीकत ऐकावयास मिळाली. मध्य अमेरिकेंतल्या या देशांत १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी चालली. सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानें दोन लाखांहून अधिक माणसें मेलीं किंवा नाहींशीं झालीं. फर्नांडो गार्सिया हा विद्यार्थी व कामगार कार्यकर्ता १८ फेब्रुवारी १९८४ रोजीं असाच नाहींसा झाला. त्याच्या बायकोनें, निनेथ मॉन्टेनेग्रोनें, आपल्यासारख्याच इतरांना घेऊन त्याच वर्षीं परस्परसाहाय्य मंडळ काढलें. १९८५ मध्यें त्या मंडळाच्या हेक्टर गोमेस या चालकाला हाल करून ठार मारण्यांत आलें. (पाहा, माझ्याही वाक्यांतून कर्ता निसटला.) नांवें सांगत राहणें किती महाग पडतें, हें त्या बायका जाणत होत्या, तरी त्यांनीं तीं नांवें विझूं दिलीं नाहींत.

मग २००५ च्या जुलैंत मानवी हक्क विभागाचे कांहीं अधिकारी राजधानींतलें स्फोटकांचें कोठार तपासावयास गेले असतां, ओलीनें कुजत पडलेल्या खोल्यांत त्यांना पोलिसांचें जुनें दफ्तर सांपडलें. सुमारें आठ कोटि पानें! त्या ढिगांतून फर्नांडोविषयींचे कागद निघाले. ज्या मोहिमेंत तो पकडला गेला, तिच्यांतल्या कामगिरीबद्दल पोलिसांना पदक द्यावें अशी शिफारस नांवानिशीं लिहिलेली होती. २०१० च्या ऑक्टोबरांत दोघां पोलिसांना प्रत्येकीं चाळीस वर्षांची शिक्षा झाली. कर्त्याचा रकाना सरकारी कारकुनानेंच भरून ठेवला होता! सत्तेला आपल्या नोंदी ठेवावयास माणसें असतात, इमारती असतात. दुसऱ्या बाजूला एका बाईची स्मृति असते आणि चारदोन वह्या. पण ‘माझा नवरा अमुक दिवशीं गेला’ असें सव्वीस वर्षें कोणी सांगत राहिलें नसतें, तर त्या आठ कोटि पानांत कोणतें पान शोधावयाचें हें कोणाला कळलें असतें? तरुण वकील नंतर बोलला नाहीं.

शेवटीं त्या शिक्षकानें आम्हांला खोटा दिलासा मात्र दिला नाहीं. दंडुका उगारून कोणीं ‘किल्ली दे’ म्हटलें, तर गणित मधें पडत नाहीं. मोबाइल उघडा ठेवून चहाला गेलें, तर कुलूप असून नसल्यासारखें. आणि ज्याला जें माहीत असण्याचें कारण नाहीं त्याला तें सांगूंच नये, हा सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड नियम. मावशींनीं अखेर आपली पहिली नोंद केली. कर्त्याच्या रकान्यांत ठेकेदाराचें नांव त्यांनीं स्वतःच्या बोटानें, अक्षर अक्षर शोधून, घातलें. साक्षीदाराच्या जागीं मात्र नांव नाहीं, आंकडाही नाहीं; जागा रिकामी. “आधी त्याला इचारते,” त्या म्हणाल्या. “त्याचं हाय ते.”

घरीं आल्यावर मीं कपाटाच्या तळाशीं ठेवलेली ती जुनी वही काढली. हो, ती अजून माझ्यापाशीं आहे. जाळून टाकावी असें प्रथम मनांत आलें, आणि तो विचार मीं माझ्या विद्यार्थिनीला बोलून दाखवला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, ती वही तुमची आहे का?” त्या मुलीनें जें सांगितलें तें तिचें होतें, मी केवळ ठेवणावळ. ठेव एकदां निष्काळजीपणानें उघडी टाकणें हा एक अपराध. आतां तिला न विचारतां नष्ट करणें हा दुसरा. त्या मुलीची ओळख असलेल्या एका विश्वासाच्या व्यक्तीकडून मीं तिला निरोप पाठवला आहे: वही आहे; तिचें काय करावें तें तूं सांग; उत्तर न देण्याचाही तुला अधिकार आहे; आणि कर्ता मी होतों. या गोष्टीला तीन महिने झाले. उत्तर आलेलें नाहीं. तें यावेंच असा हक्क मला कोणता?

या लेखांत तिला ओळखतां येईल असा कोणताही तपशील मीं ठेवलेला नाहीं; वर्ष नाहीं, विषय नाहीं, तक्रार काय होती तेंही नाहीं. वाचकांना हकीकत अपुरी वाटली असेल, तर ती तशीच राहिली पाहिजे. वही आतां चांगल्या कुलपाच्या कपाटांत आहे. बाहेर जातांना मी अजूनही कोपऱ्यावरून मागें फिरतों, आणि घरांत अजूनही माझी थट्टा होते. पण आतां मी पाहावयास येतों तें दार नव्हे, तें कपाट.